पिवळ्या पंखावरची लाल रेघ

वनमाला घाडी अडतीस वर्षांची होईपर्यंत तिने विमान फक्त खालून पाहिलं होतं. अंधेरीला गुंदवलीत ती ज्या चाळीत राहायची, तिच्यावरून मोठी विमानं उतरायला जायची. त्या आवाजात बोलणं थांबवायचं आणि आवाज गेला की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायचं, ही सगळ्या चाळीची सवय होती. विमानाच्या पंखांना कोणी सुईदोऱ्याने शिवत असेल असं तिला तेव्हा सांगितलं असतं, तर ती हसली असती.

तिचा नवरा शिवदास परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होता. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला आणि तो घरी बसला. आज उघडेल, उद्या उघडेल करता करता दीड वर्ष गेलं. मूळचा कमी बोलणारा माणूस, तो आणखीच गप्प झाला. वनमालाने स्टेशनजवळच्या एका टेलरकडे शिवणकाम धरलं. ब्लाउज, परकर, पडदे, शाळेचे गणवेश, जे येईल ते ती शिवायची.

त्र्याऐंशीत गणपती गेल्यावर आठवड्याभराने श्यामकांत नाडकर्णी त्या दुकानात आले. साठीला टेकलेला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला माणूस. जुहूच्या जुन्या धावपट्टीच्या कडेला वेस्टर्न विंग्ज नावाचा एक फ्लाइंग क्लब होता, तिथले ते मुख्य मेकॅनिक. त्यांचा पंख शिवणारा कारागीर म्हातारा होऊन गावी गेला होता. टेलरला वाटलं, यांना तंबू शिवून हवाय. नाडकर्णींनी वाद घातला नाही. पिशवीतून कापडाचे दोन तुकडे आणि मेण लावलेला दोरा काढला आणि म्हणाले, कोणीही वीतभर शिवून दाखवा, हाताने, सगळे टाके सारखे.

वनमालाने शिवून दिलं. त्यांनी ती शिवण दोन्ही हातांनी जोर लावून ओढली, चष्मा लावून उजेडात धरली, उलटी करून मागची बाजू पाहिली. मग विचारलं, सोमवारपासून जुहूला याल का?

क्लबात तीन टायगर मॉथ होती. एकावर एक दोन पंख असलेली ही छोटी विमानं चाळीस वर्षांपूर्वी हवाई दलातल्या नवशिक्यांना शिकवण्यासाठी वापरली जायची. हवाई दलाने ती काढून टाकली, क्लबाने घेतली. एक पिवळं, एक लाल, एक निळं. आतला सांगाडा बराचसा लाकडाचा, वरून ताणून बसवलेलं कापड आणि पंखांच्या मधे तिरक्या तारा. वैमानिकाचं डोकं उघड्यावर. ब्रेक नाहीत, रेडिओ नाही. नाकावरचा पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करायचं.

पंखाच्या आत माणसाच्या बरगड्यांसारख्या पातळ लाकडी फासळ्या असतात. हातभर लांब सुई वरून खाली आणि खालून वर काढत कापड त्या प्रत्येक फासळीला शिवून टाकायचं, दर टाक्याला गाठ मारायची. मग त्यावर डोप नावाचं वार्निशसारखं रसायन चढवायचं, की कापड आक्रसून ढोलक्याच्या चामड्यासारखं ताठ होतं. डोपचा वास डोक्यात जायचा. पहिले आठ दिवस वनमालाला घरी जेवण गेलं नाही. पण काम तिला आवडलं. नाडकर्णी शिकवायचेही मन लावून. कापड उघडलं की आतल्या लाकडावर बोटाच्या पेराने टकटक करा, म्हणायचे. चांगलं लाकूड कसं वाजतं ते कानात बसलं की कुजलेलं आपोआप कळतं. वर्षभरात तिचा कान इतका तयार झाला की नाडकर्णी कधी कधी तिलाच बोलावून विचारायचे, हे कसं वाटतं बाई?

क्लबाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत मोठा कार्यक्रम ठरला आणि त्यात ही तिन्ही विमानं एकमेकांना लागून, बाणाच्या टोकासारखी उडवायची असं ठरलं. पुढे पिवळ्यात मुख्य प्रशिक्षक कोतवालसाहेब. हवाई दलातून निवृत्त झालेले, कडक पण सरळ. त्यांच्या उजव्या हाताला लाल विमानात चंद्रप्रकाश गुप्ते, डाव्या हाताला निळ्यात जयंती शेणॉय. दोघंही पंचविशीच्या आतबाहेरची. जयंती क्लबातली एकटीच मुलगी. तिच्याइतका नेमका उतरणारा दुसरा कोणी नाही, असं नाडकर्णी म्हणायचे.

चंद्रप्रकाश सगळ्यांचा लाडका होता. वनमालाला तो ताई म्हणायचा, कँटीनमधून येताना तिचाही चहा आणायचा. शिवदास घरी बसून आहे हे कळल्यावर त्याने आपणहून मामाकडे शब्द टाकला. मामा विक्रोळीच्या एका कारखान्यात वरच्या जागेवर होते. फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी शिवदासला भेटायला बोलावलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा शिवदासने शर्ट इस्त्रीला दिला होता.

सराव डिसेंबरमध्ये सुरू झाला. नाडकर्णींना तो फारसा पसंत नव्हता. एकेकट्याने उडवलं तर ही विमानं म्हाताऱ्या माणसासारखी सांभाळून चालतात, ते सांगायचे, पण तीन जणांना जवळ जवळ उडवायचं म्हणजे एकाचं दुखणं तिघांचं होतं. पुढच्याचं इंजिन खोकलं तर मागच्याने जायचं कुठे? शिवाय डोक्यावर तो वरचा पंख. बाजूच्याने जरासं खाली घेतलं की पुढचं विमान त्या पंखाआड जातं, दिसतच नाही, आणि रेडिओ नाही म्हणून कोणी कोणाला हाकही मारू शकत नाही. कोतवालसाहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं होतं आणि हातांच्या खुणा, अंतर, सगळं ठरवून दिलं होतं. पण कार्यक्रम जवळ आला तसं ते अंतर कमी होत गेलं. खालून बघणारे कमिटीतले लोक म्हणायचे, अजून जवळ या, लांबून तीन कावळे दिसतात.

कार्यक्रमाला तीन आठवडे राहिले असताना एका शनिवारी दुपारी वनमाला पिवळं विमान तपासत होती. हा तिचा नेहमीचा क्रम. ओल्या फडक्याने पंख पुसत जायचं आणि शिवणीवरून बोट फिरवायचं. उजव्या खालच्या पंखाच्या टोकाशी, खालच्या अंगाला, तिचं बोट अडकलं. चार बोटं लांब चीर होती. चिरेच्या शेजारी लाल रंगाची रेघ.

दगड उडून लागला असता तर कापडाला भोक पडलं असतं. ही चीर घासल्याची होती. ती उठून लाल विमानाकडे गेली. त्याच्या वरच्या डाव्या पंखाचं टोक नव्याने रंगवलेलं होतं आणि त्याला ताज्या डोपचा वास येत होता. डोपचा डबा तिच्या ताब्यात असायचा, आणि त्या आठवड्यात तिने तो उघडला नव्हता.

ती तिथे उभी असतानाच चंद्रप्रकाश आला. तिच्याकडे, मग लाल पंखाकडे बघून त्याचा चेहरा उतरला. गुरुवारी सरावात घासलं, त्याने सांगितलं. एक क्षणभर कोतवालसाहेबांचं विमान दिसेनासं झालं, वर घेतलं तर टक् असा आवाज आला, लगेच बाजूला झालो. साहेबांना कळलंही नाही. हवाच तशी उसळत होती त्या दिवशी.

"ताई, एक ठिगळ लावून टाका ना," तो म्हणाला. "पुन्हा असं होणार नाही. आत्ता हे बाहेर आलं तर सगळा कार्यक्रम बंद होईल."

त्याने नोकरीचा शब्द काढला नाही. पण न काढताही तो दोघांच्या मधे होताच. वनमाला त्याला एवढंच म्हणाली की आत काय झालंय ते बघितल्याशिवाय मी ठिगळ लावत नाही. तो थोडा वेळ घुटमळला आणि निघून गेला.

तिने चीर कात्रीने वाढवली आणि बॅटरी आत धरली. एक फासळी मधोमध मोडली होती. पण तिला जास्त भीती वाटली ती पलीकडे पाहून. पंखाच्या मागच्या कडेला विमान कलतं करणारी एक हलती फळी असते. तिच्या बिजागरीचा लाकडी ठोकळा सरसापासून सुटला होता. बोटाने दाबला तर हलत होता. आणि शुक्रवारी कोतवालसाहेबांनी हेच विमान अर्धा तास उडवलं होतं.

नाडकर्णी लग्नाला पुण्याला गेले होते, सोमवारी येणार होते. 'हात लावू नये' अशी लाल अक्षरांची पाटी ते स्वतःच विमानाला लटकवायचे, इतर कोणाला तो अधिकार नव्हता. वनमालाने खिळ्यावरची पाटी काढली, पिवळ्या विमानाच्या पंख्याला बांधली आणि घरी गेली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने शिवदासला सगळं सांगितलं. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, तांदूळ निवडत होती. इस्त्रीचा शर्ट समोरच खुंटीवर होता. त्याने गिरणीतली एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत तिला सांगितली नव्हती. शेजारच्या साच्याची जाळी तुटली होती. मागात दोरा घेऊन धावणारा धोटा उडून बाहेर येऊ नये म्हणून ती जाळी असते. शिवदासने तुटलेली पाहिली होती. पण सांगायचं म्हणजे जॉबरची, खात्यातल्या मुकादमाची, चूक दाखवायची, आणि जॉबर त्याच्याच गावचा, त्यानेच त्याला गिरणीत चिकटवलेला. शिवदास गप्प राहिला. चौथ्या दिवशी धोटा उडाला आणि दत्ताराम नावाच्या कामगाराचा डोळा गेला.

"मी दत्तारामाच्या घराक कधी गेलंय नाय," शिवदास म्हणाला. "माका ती नोकरी नको गो. तू साहेबाक सांग."

सोमवारी सकाळी नाडकर्णी विमानं ठेवायच्या हँगरमध्ये शिरले आणि पाटी पाहून थबकले. वनमालाने त्यांना चीर, रेघ आणि आतला ठोकळा दाखवला. त्यांनी गुडघ्यावर बसून हात आत घातला आणि ठोकळा हलवून पाहिला. मग स्वतः जाऊन कोतवालसाहेबांना घेऊन आले. चंद्रप्रकाश आणि जयंती सरावासाठी आलेलेच होते.

कोतवालसाहेबांनी तिला विचारलं, तुम्ही काय पाहिलंत ते पहिल्यापासून सांगा. तिने क्रम न चुकता सांगितलं. फक्त चंद्रप्रकाश काय म्हणाला ते तिने सांगितलं नाही. ते त्याने स्वतःच सांगितलं. मान खाली घालून, पण पूर्ण सांगितलं. डोपचा डबा आपणच गुपचूप उघडला, हेही.

त्यानंतर जे झालं ते कोणालाच अपेक्षित नव्हतं. जयंती म्हणाली की गुरुवारी लाल विमान खाली जाताना तिने पलीकडून पाहिलं होतं. हात हलवला, पण तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. खाली आल्यावर ती बोलली नाही, कारण आपण सगळ्यांत धाकट्या आणि त्यात मुलगी, घाबरली म्हणतील. आणि मग कोतवालसाहेब हळूच म्हणाले, "धक्का मलाही जाणवला होता. मी हवा समजलो. समजायचं ठरवलं म्हणा."

म्हणजे ज्याला त्याला थोडं थोडं माहीत होतं. सगळं कोणाकडेच नव्हतं, आणि जे होतं ते कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

कार्यक्रम रद्द झाला नाही. कोतवालसाहेबांनी तो पाच आठवडे पुढे ढकलला आणि कमिटीतल्या माणसांना सांगितलं की तीन कावळे दिसले तर दिसू देत. विमानांमधलं अंतर दुपटीहून जास्त केलं. पुढच्याच्या खाली जायचं नाही. पुढचं विमान एक क्षणही दिसेनासं झालं, तर वाट न बघता ज्याने त्याने आपल्या बाजूला बाहेर वळायचं, मग खालून कोणी काहीही म्हणो. आणि प्रत्येक सरावानंतर हँगरच्या दारातल्या बाकावर सगळ्यांनी बसायचं. वैमानिक, नाडकर्णी, वनमाला, सगळे. प्रत्येकाने काय पाहिलं, काय ऐकलं, काय खटकलं ते बोलायचं. पहिल्यांदा सर्वांत धाकट्याने, शेवटी साहेबांनी.

चंद्रप्रकाशला महिनाभर उड्डाण बंद. त्या महिन्यात त्याने हँगरमध्ये काम करायचं होतं. तो राग धरून असेल, असं वनमालाला वाटलं. तो रागावलेला नव्हता, लाजलेला होता. पहिले दोन दिवस दोघं कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी पिवळ्या पंखाचं सगळं कापड उतरवल्यावर तिने त्याचा हात धरून त्या ठोकळ्यावर ठेवला. त्याने तो हलवून पाहिला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. परत आल्यावर त्याने सुई मागितली. त्याचे टाके वाकडेतिकडे यायचे. तिने ते तीनदा उसवायला लावले. चौथ्यांदा नाडकर्णींनी पंखाची ती बाजू पास केली.

मामांनी बुधवारची भेट पुढे ढकलली आणि नंतर बोलावणं आलंच नाही. चंद्रप्रकाशने पुन्हा शब्द टाकतो म्हटलं, पण शिवदासनेच नको म्हणून निरोप पाठवला. तो एके दिवशी सकाळी उठून दत्तारामाचा पत्ता शोधायला गेला. दत्ताराम मालाडला राहत होता, एका छोट्या पॉवरलूम कारखान्यात हिशोबनिसाच्या हाताखाली बसायचा. दोघं काय बोलले ते शिवदासने सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की दत्तारामाने चहा पाजला, आणि त्याच्या कारखान्यात चांगल्या विणकराची गरज आहे.

मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी कार्यक्रम झाला. खुर्च्या, मांडव, शाळेची मुलं, समोसे. वनमाला हँगरच्या सावलीत उभी होती. शिवदासही आला होता, नव्या कामावरची पहिली सुट्टी होती त्याची. तिन्ही विमानं समुद्राकडून आली. पिवळं पुढे, लाल आणि निळं दोन्ही बाजूंना, चांगल्या लांब अंतरावर. मांडवातून कोणीतरी म्हणालं की जरा विस्कळीतच दिसतायत.

धावपट्टीच्या अलीकडे पिवळ्या विमानाचा आवाज बदलला. वनमालाला तो आधी कळला, मग नाडकर्णींना. इंजिन दोनदा खोकलं आणि मंद झालं. पिवळं विमान हवेत कोणी मागून धरल्यासारखं एकदम हळू झालं, आणि मागची दोन्ही त्याच वेगाने त्याच्यावर येत होती. वनमालाने शिवदासचा दंड घट्ट धरला.

लाल विमान उजवीकडे वळलं. त्याच क्षणी निळं डावीकडे. दोघांच्या मधे मोकळी जागा झाली आणि त्या जागेतून पिवळं विमान नाक खाली घालून सरळ धावपट्टीवर आलं, दोनदा उसळलं आणि गवतात जाऊन थांबलं. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

नाडकर्णी धावत गेले. कोतवालसाहेब आपणच उतरले, हातमोजे काढले आणि वर बघत राहिले. लाल आणि निळं लांबून फेरी मारून एकामागून एक नीट उतरेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. इंजिनात पेट्रोल जाणाऱ्या बारीक छिद्रात कचरा अडकला होता, हे नंतर कळलं. तांदळाच्या कणीएवढा.

त्या दिवशीही सगळे बाकावर बसले. पाहुणे थांबले होते, फोटो काढायचे होते, पण साहेब म्हणाले, आधी हे. जयंतीने सुरुवात केली. चंद्रप्रकाशची पाळी आली तेव्हा तो म्हणाला की पिवळं मोठं दिसायला लागलं आणि हात आपोआप वळला, विचार नंतर आला. जानेवारीतल्या अंतरावर असतो तर विचारही आला नसता. मग साहेबांनी वनमालाला विचारलं. तिने सांगितलं की आवाज बदललेला तिला कळला होता, पण सांगायला कोणी जवळ नव्हतं. पुढच्या वेळेपासून खाली एक माणूस झेंडा घेऊन उभा ठेवा. ते कोतवालसाहेबांनी वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर तिन्ही विमानं तीन वर्षं एकत्र उडली, वर्षातून एखाद-दोनदा. अठ्ठ्याऐंशीत निळ्या विमानाचा पंख उघडला तेव्हा वनमालाने लाकडावर पेर आपटलं आणि मान हलवली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. नाडकर्णींनी सांधे उकलून पाहिले. ठिकठिकाणी सरस पिठासारखा झाला होता. निळं विमान कायमचं खाली बसलं आणि एकत्र उडणं त्या दिवसापासून बंद झालं. कोणी वाद घातला नाही. कमिटीतल्या माणसांनीही नाही.

तोवर जयंती त्याच क्लबात प्रशिक्षक झाली होती. त्या वर्षी दिवाळीनंतर एका स्वच्छ सकाळी तिने वनमालाला पिवळ्या विमानाच्या पुढच्या सीटवर बसवलं, पट्टे स्वतः आवळले, साडीचा पदर जॅकेटमध्ये खोचून घेतला. एकटंच विमान, आजूबाजूला कोणी नाही. समुद्रावर गेलं, वेसाव्याच्या होड्यांवरून फिरलं, मग अंधेरीच्या टेकडीला वळसा घालून परत आलं.

खाली उतरल्यावर हँगरपाशी थांबलेल्या शिवदासने विचारलं, कसा वाटला?

"पहिली दहा मिनिटं मी तारांकडेच बघत होते," ती म्हणाली. "सगळ्या ताठ होत्या. मग म्हटलं, आता खाली बघूया."